भोंगा बंद झाल्यावर...

जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव. या चारही गावांना एकेकाळी गिरणी होती. (गिरणी म्हणजे पिठाची नव्हे, कापडाची, हे हल्ली घरातल्या मुलांना सांगावं लागतं.) जळगावची खानदेश मिल तर १८७०च्या दशकातली. अमळनेरची प्रताप मिल प्रतापशेठजींची. धुळे आणि चाळीसगावच्या गिरण्या पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या, पण वाचल्या नाहीत. आज जळगावात मिलच्या जागेवर बाजारसंकुल आहे.

गिरणीचा संप म्हटलं की सगळ्यांना मुंबईच आठवते. १८ जानेवारी १९८२, डॉ. दत्ता सामंत, अडीच लाख कामगार. त्यावर नाटकं झाली, सिनेमे झाले. आमच्याकडच्या गिरण्यांवर कोण लिहिणार? आणि मला वाटतं, संपात निदान एक शत्रू तरी समोर असतो, उद्या मिटेल अशी आशा असते. गिरणी हळूहळू आजारी पडून बंद होते तेव्हा भांडायचं कुणाशी? मग भांडण घरात येतं.

भोंग्यावर नुसती गिरणी नाही, घरंही चालायची. पहिल्या पाळीचा डबा, रात्रपाळीवाल्याची दिवसाची झोप, पोरांना गप्प बसवणं, पगाराच्या दिवशीची शेवभाजी. भोंगा थांबला आणि एका खोलीच्या घरात भरदिवसा एक पुरुष बसलेला दिसू लागला. त्याने कुठे बसावं हेही कुणाला कळेना!

आपल्याकडे बेकारभत्ता नव्हता. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याचा साधारण हिशेब असा, की नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. वीस वर्षं साच्यावर उभं राहिलेल्या माणसाला तीनशे दिवसांचे पैसे, म्हणजे दहा महिने. तेही हातात पडतील तेव्हा खरे. दरम्यान किराणावाल्याची वही असायची.

ऑस्ट्रियात मारिएन्थाल नावाचं एक गिरणीचं गाव आहे. १९२९-३०मध्ये तिथली गिरणी बंद पडली आणि मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांनी त्या गावाचा अभ्यास केला. १९३३ साली तो पुस्तकरूपाने आला. त्यांनी काय करावं? रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांचा चालण्याचा वेग मोजला! पुरुष रेंगाळत, थांबत चालायचे. बायका त्यांच्यापेक्षा साधारण दीडपट वेगाने. कारण सरळ आहे, त्यांचं घरातलं काम कुठे बंद पडलं होतं?

हे वाचताना मला खानदेशच दिसला. कापसाच्या हंगामात बायका जिनिंगमध्ये जायच्या. उन्हाळा लागला की दुसऱ्यांचे उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे, किलोवर मजुरी घेऊन. नात्यातल्या एका आजींनी सांगितलेली गोष्ट. उडदाचं पीठ तेल लावून कुटायला मनगटात जोर लागतो. आजोबांची गिरणी सुटलेली. ते दुपारी दार लोटून घ्यायचे आणि पीठ कुटून द्यायचे. बाहेर चाहूल लागली की मुसळ खाली ठेवून पेपर हातात! आजी म्हणाल्या, "मी कधी कुणाले सांगितलं नाही." पन्नास वर्षांच्या संसारात नवऱ्याबद्दल एवढ्या मायेने त्या दुसरं काही बोलल्याचं मला आठवत नाही.

सगळीकडे असंच होतं असं नाही. दारू होती, मारहाण होती, मोडलेल्या सोयरिकी होत्या. "मुलगा मिलमध्ये आहे" या एका वाक्यावर पूर्वी लग्नं जमत. तेच वाक्य नंतर उलटं लागू लागलं. पोरींची लग्नं लांबली, नाहीतर घाईघाईत उरकली गेली.

मग सुरत. तापी लाईनची गाडी अमळनेरहून थेट उधन्याला नेते. धुळ्याची माणसं एस.टी.ने साक्री, नवापूर करत जायची. उधना, लिंबायत, पांडेसरा भागात आज केवढा खानदेश राहतो! सुरुवातीला पुरुष एकटेच जायचे, एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे. बायको-पोरं गावी.

महिन्याकाठी मनीऑर्डर यायची. फॉर्मच्या खालच्या कुपनवर दोन-चार ओळी लिहायला जागा असे, बस. पैसे पाठविले, दुधाचे देऊन टाकणे, तब्येतीस जपणे. पुष्कळ बायकांना वाचता येत नसे, त्यामुळे ते शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्यायचं. लिहिणाऱ्यालाही ते माहीत असायचं. म्हणजे नवऱ्याला बायकोला जे म्हणायचं ते पोराच्या तोंडून, शेजाऱ्यांसमोर, मोठ्याने! "तब्येतीस जपणे" यापलीकडे तो लिहिणार तरी काय? ती जुनी मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली. काही घरांत ती कुपनं अजून पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाबरोबर ठेवलेली आहेत.