तिसऱ्या चाकाचा उसना टायर

हवेच्या टायरची आजची सगळी वंशावळ एका मुलाच्या तीनचाकी सायकलपाशी जाऊन पोचते. जॉन बॉयड डनलॉप बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर होते. भरीव रबराच्या चाकांवरून दगडी रस्त्याने जाताना त्यांच्या मुलाला बसणारे हादरे त्यांना पाहवेनात. त्यांनी पातळ रबराची नळी करून ती कापडात गुंडाळली, लाकडी तबकडीभोवती बसवली आणि पंपाने हवा भरली. जुनं भरीव चाक आणि हे नवं चाक त्यांनी अंगणात ढकलून पाहिलं. जुनं वाटेतच आडवं झालं. नवं थेट पलीकडे जाऊन आपटलं. डिसेंबर 1888 मध्ये त्यांना पेटंट मिळालं. रॉबर्ट थॉमसन यांनी हीच कल्पना चाळीसेक वर्षं आधी नोंदवली असल्याचं उघड झाल्यावर ते रद्दही झालं, पण तोवर धंदा उभा राहिला होता.

त्याच सुमारास जर्मनीत कार्ल बेन्झ यांची 1886 ची मोटारगाडीही तीन चाकांचीच होती, कारण पुढची दोन चाकं एकत्र वळवण्याची पद्धत त्यांना अजून समाधानकारक वाटत नव्हती. 1888 च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेन्झ मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्झहाइमला गेल्या, त्या अशाच तीन चाकांच्या गाडीने. तिच्या चाकांत हवा नव्हती.

हवेचा टायर आणि मोटारगाडी, दोन्हींचा आरंभ तीन चाकांवर झाला. पुढे मात्र टायरचे कारखाने वाढले ते मोटारसायकल आणि चारचाकी यांच्या मागणीवर. तीनचाकीला जे मिळालं ते बहुधा या दोघींकडून उसनं आलेलं. रस्त्यावर चालवायला परवानगी असलेली तीनचाकी हौसेने बांधून घेणाऱ्यांपुढे आजही पहिला प्रश्न हाच असतो: टायर कुणाचा घ्यायचा?

इंग्लंडमधल्या मॉर्गन कंपनीचा इतिहास या प्रश्नाला सर्वात जवळून भिडतो. एच. एफ. एस. मॉर्गन यांनी माल्व्हर्नमध्ये 1909 साली पहिली तीनचाकी बांधली आणि 1910 मध्ये लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात मांडली. पुढे दोन चाकं, मागे एक, नाकावर दोन सिलिंडरचं इंजिन. 1921 पासून ब्रिटनमध्ये मोटारींवर दर अश्वशक्तीमागे एक पौंड कर लागू झाला. ठरावीक वजनाच्या आतल्या तीनचाकीला मात्र वर्षाला चार पौंड पुरत. साहजिकच गाडी हलकी ठेवणं हा मॉर्गनचा धर्म झाला.

पण मागच्या एका चाकावर पडणारं काम हलकं नव्हतं. इंजिनाची सगळी ताकद त्याच टायरमधून रस्त्यावर उतरे, म्हणून तो पुढच्या दोघांआधी झिजे. शिवाय ते चाक गाडीच्या बरोबर मधून धावे, आणि त्या काळच्या रस्त्यांवर मधल्या पट्ट्यात घोड्यांच्या नालांचे खिळे पडलेले असत. दोन वेगांसाठी दोन साखळ्या याच चाकापर्यंत येत, त्यामुळे ते बाहेर काढणं म्हणजे रस्त्याकडेला बसून हात काळे करणं. तीन वेगांचा गिअरबॉक्स आणि सहज निघणारी चाकं आली ती 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला. दरम्यान 1924 मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत ई. बी. वेअर यांची मॉर्गन उलटून ते गंभीर जखमी झाले आणि तीनचाकींना मोटारींबरोबर शर्यतीत उतरायला बंदी झाली.

मोटारसायकलचा टायर तीनचाकीला का चालत नाही, हे साइडकार जोडणाऱ्यांनी आधी ओळखलं. मोटारसायकल वळणावर कलते, म्हणून तिच्या टायरची पाठ गोल असते. कलली तरी रबराचा तेवढाच भाग रस्त्याला टेकलेला राहतो. साइडकार लावली की गाडी कलणं बंद होतं. आता टायर सरळ उभाच राहतो, मधल्या अरुंद पट्टीवर झिजतो आणि वळणावर त्याच्या बाजूच्या भिंतींवर आडवा दाब येतो, जो सोसायला त्या घडवलेल्या नसतात. म्हणून एव्हनसारख्या कंपन्यांनी साइडकारसाठी चपट्या पाठीचे, ताठ भिंतींचे टायर काढले. मॉर्गनने 2011 मध्ये तीनचाकी पुन्हा बाजारात आणली तेव्हा पुढच्या 19 इंची तारांच्या चाकांवर एव्हनचेच टायर होते आणि मागे चक्क मोटारीचा.

महाराष्ट्राची तीनचाकी, म्हणजे रिक्षा, वेगळ्या घराण्यातली. विमानांचे अभियंते कोर्रादिनो दास्कानिओ यांनी 1946 ची व्हेस्पा रेखाटली तेव्हा पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं, म्हणजे पंक्चर झाल्यावर ते चटकन काढता यावं. टायर 3.50-8, म्हणजे रुंदी साडेतीन इंच आणि रिम फक्त आठ इंचांचा. त्याच व्हेस्पातून 1948 मध्ये मालवाहू तीनचाकी आपे निघाली. अहमदनगरचे नवलमल फिरोदिया यांनी तीनचाकीत माणसं बसवण्याचा ध्यास घेतला, आणि मुंबई राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्यापुढे ती मांडली. बजाजने 1948 पासून अशा गाड्यांची आयात केली; भारतात बनवण्याचा परवाना 1959 मध्ये मिळाला.

अशा रीतीने स्कूटरचं छोटं चाक रिक्षाला आलं. टायर मात्र 4.00-8 चा झाला, थोडा जाड, कापडाचे जास्त थर (प्लाय) असलेला. या अर्ध्या इंचाचं महत्त्व मोठं आहे. दोघांना घेऊन पळणाऱ्या स्कूटरचा टायर आणि तीन उतारू, ड्रायव्हर, वर सामान पेलणारा टायर दिसायला भावंडं. भार सोसण्याची ताकद वेगळी. 1977 मध्ये बजाजने मागे इंजिन असलेली रिक्षा आणली आणि मागच्या टायरवरचा भार आणखी वाढला. पुढचं चाक तुलनेने हलकं राहिलं, पण गाडी वळवण्याचं काम त्या एकट्याचं. ते गुळगुळीत झालं तर पावसात हँडल फिरतं आणि रिक्षा सरळच जाते. तरी बरा टायर मागे आणि गोटा झालेला पुढे, अशी अदलाबदल पैसे वाचवण्यासाठी होत आली. ती जिवावरची काटकसर आहे.

खड्ड्यांचंही तसंच. चारचाकीवाला खड्डा दोन चाकांच्या मधे घेऊन निघून जातो. तीनचाकीचे रस्त्यावर तीन माग पडतात, त्यामुळे एक ना एक चाक खड्ड्यात जायचंच, आणि आठ इंची चाक त्यात पुरतं उतरतं. रिक्षाचा रिम दोन अर्ध्या वाट्या नट-बोल्टने जोडून केलेला असतो. पंक्चरवाला तो उघडण्याआधी हवा पूर्ण सोडतो, कारण आत हवा असताना जोडाचे नट सैल केले तर त्या वाट्या उसळून तोंडावर येऊ शकतात.

भारतीय नियमांत तीनचाकीच्या टायरवरच्या नक्षीची खोली दुचाकीबरोबर मोजली जाते: किमान 0.8 मिलिमीटर, तर मोटारींना 1.6. दुचाकी आणि तीनचाकी यांच्या टायरसाठी भारतीय मानकही एकच आहे, आयएस 15627. नियमांत अशी दुचाकीची सोयरीक, पण रस्त्यावर गाडी न कलता चारचाकीसारखी वळते. 0.8 पर्यंत थांबायचं कारण नाही. पावसाळ्याआधीच टायर बदललेला बरा.

हौशी तीनचाकी बांधणारे कित्येकदा उलट्या टोकाला जातात आणि मोठ्या मोटारीचा रुंद, चिकट टायर बसवतात. जड मोटारीसाठी घडवलेला ताठ टायर हलक्या तीनचाकीखाली दबत नाही, तापत नाही, म्हणून ओल्यात पकडही नीट देत नाही. उलट कोरड्या रस्त्यावर पकड फार वाढली आणि गाडी उंच, अरुंद, पुढे एकच चाक असलेली असेल, तर वळणावर घसरण्याऐवजी ती उलटते. 2007 मध्ये आलेल्या कॅन-ॲम स्पायडर या तीनचाकीचे टायर मोटारीचे वाटतात, पण तिच्या कमी वजनाला जुळवलेले असतात आणि पुढच्यांत हवाही मोटारीपेक्षा बरीच कमी ठेवतात. म्हणून आधी गाडी भरल्या वजनाने काट्यावर न्यावी, प्रत्येक चाकाखालचा भार वेगळा मोजावा, आणि मग टायरवरचा भारांक व वेगाचं अक्षर पाहावं. भारतात नोंदणीच्या वेळच्या रचनेत मूलभूत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, तेव्हा वेगळ्या मापाचा टायर घेण्याआधी आरटीओत विचारणं हेही निवडीतच धरावं.

अशा गाड्या वर्षातून थोड्याच धावतात. नक्षी शाबूत राहते आणि रबर आतून सुकत जातं. त्यांच्या बाबतीत टायरच्या भिंतीवरचे चार आकडे नक्षीपेक्षा जास्त सांगतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 3514 असेल, तर तो टायर 2014 च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी कितीही ताजी दिसली तरी तो काढून टाकावा.