सिकंदरबागेतली हाडं



१८५७ वरची सचित्र पुस्तकं चाळली की लखनौच्या सिकंदरबागेचा एक फोटो बहुतेक वेळा सापडतोच. तोफांनी फुटलेली इमारत, समोर काही माणसं आणि अंगणभर विखुरलेली हाडं. वाटतं, लढाई नुकतीच संपली असावी. पण तारखा लावून पाहा. बाग पडली नोव्हेंबर १८५७ मध्ये; सुमारे २००० शिपाई तिथे मारले गेले. फोटोग्राफर फेलिचे बेआतो लखनौला आला १८५८ च्या वसंतात. मग इतक्या महिन्यांनी हाडं उघड्यावर कशी? सर जॉर्ज कॅम्पबेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने आठवणींत लिहून ठेवलंय, की प्रेतं झाकली गेली होती, फोटोग्राफरने हट्टाने ती पुन्हा उघडायला लावली.

तंत्राची अडचण होतीच. तेव्हाच्या कोलोडियन पद्धतीत काचेला रसायन लावायचं, ती ओली असेतोवर फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायची. एक्स्पोजर काही सेकंदांचं. धावता घोडा पकडणं अशक्यच! त्यामुळे प्रत्यक्ष चकमक दाखवायचं काम क्रिमियाच्या युद्धातही विल्यम सिम्प्सनसारख्या चित्रकारांकडे राहिलं. फोटोग्राफरच्या वाट्याला लढाईनंतरचं मैदान.

तिथेच रॉजर फेंटनने १८५५ मध्ये एका दरीचे दोन फोटो काढले. कॅमेरा त्याच जागी. एकात तोफगोळे रस्त्याच्या कडेला, दुसऱ्यात थेट रस्त्यावर. आधीचा कुठला? २००७ मध्ये चित्रपट-दिग्दर्शक एरल मॉरिसने याचा छडा लावला. दोन्ही फोटोंतले बारीक दगड जुळवले, तर गोळे रस्त्यावर असलेल्या फोटोत ते उतारावर खाली सरकलेले. दगड आपोआप वर चढत नाहीत! म्हणजे मोकळा रस्ता आधीचा. गोळे नंतर आले, बहुधा फेंटननेच ठेववले. चक्क डिबगिंगच की हे!

पण दोन्ही गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. क्रिमियात हललं ते लोखंड. लखनौला उघडी पडली ती माणसं. फेंटनच्या साडेतीनशेहून अधिक क्रिमियन फोटोंत एकही प्रेत नाही, कारण ते फोटो इंग्लंडमधल्या घरांत बघितले जाणार होते. बेआतोने मात्र लखनौनंतर १८६० मध्ये चीनच्या ताकू किल्ल्यातही मेलेले चिनी सैनिक टिपले. कुणाचे मृत दाखवायचे, हे कॅमेरा ठरवत नव्हता.

तो फोटो खोटा नाही. तिथे माणसं खरोखर मेली. त्यांची नावं आपल्याला मिळणार नाहीत. निदान ती हाडं उघड्यावर कशी आली, एवढं तरी फोटोखाली छापलेलं असावं.

असो. जाणकारांनी भर घालावी.