रणगाडा नंबर २३

प्रागच्या स्मीखोव भागातल्या एका चौकात १९४५ पासून १९९१ पर्यंत एक रणगाडा उभा होता. दगडी चौथरा, त्यावर तो अवाढव्य हिरवा रणगाडा आणि अंगावर पांढऱ्या रंगात आकडा २३. चौकाचं नावही पुढे 'सोविएत रणगाडा-सैनिकांचा चौक' झालं. शाळेतल्या मुलांना सांगितलं जायचं, प्रागमध्ये सगळ्यात आधी शिरला तो हा.

आता जरा याची चाकं मोजू. ९ मे १९४५ ला पहाटे शहरात शिरलेल्या पहिल्या रणगाड्यांपैकी एक होता लेफ्टनंट इव्हान गोंचारेंकोचा. तो टी-३४ जातीचा. टी-३४ ला प्रत्येक बाजूला पाच मोठी चाकं असतात. चौथऱ्यावरच्या रणगाड्याला सहा होती, आणि तीही लहान. कारण तो टी-३४ नव्हताच! तो होता आयएस-२. 'आयएस' म्हणजे इयोसिफ स्टालिन. वजन ४६ टन, तोफ १२२ मिलिमीटरची. टी-३४ बिचारा ३२ टनांचा, तोफ ८५ मिलिमीटर. बैल दाखवून ही आमची गाय म्हणण्यातला प्रकार.

बरं, नंबर तरी? गोंचारेंकोच्या रणगाड्याचा नंबर होता २४. म्हणजे तोही चुकला.

मग हा आयएस-२ तिथे आला कसा? एक कथा सांगतात. स्मारकासाठी एखादा जुना, मार खाल्लेला टी-३४ द्यावा असं ठरत होतं, तेव्हा जनरल लेल्युशेंको म्हणाले म्हणे, चेक लोकांना असलं भंगार द्यायचं नाही! २९ जुलै १९४५ ला स्मारकाचं उद्घाटन झालं ते या धिप्पाड रणगाड्याचं. माझ्या मते इथवर यात फारसं पाप नाही. विजयाच्या भरात माणसं चांगली दिसणारी वस्तू पुढे करतात. लग्नात नाही का आपण शेजारच्यांची गाडी सजवून आणत? गडबड त्यानंतरची आहे. दिखाऊ वस्तूलाच अस्सल म्हणायला लागले, आणि चाळीस वर्षं म्हणत राहिले.

त्या एका रणगाड्याआड बरंच काही झाकलं गेलं. प्रागचे लोक ५ मे लाच जर्मनांविरुद्ध उठले होते. रस्त्यारस्त्यांत अडथळे रचून स्वतः लढत होते. त्यांच्या मदतीला आधी धावून आले ते व्लासोवचे सैनिक, म्हणजे जर्मन बाजूने गेलेले रशियनच! शेवटच्या क्षणी ते जर्मनांवर उलटले. पुढे १९४६ मध्ये मॉस्कोत व्लासोवला फाशी झाली. पश्चिमेला पिल्झेनमध्ये अमेरिकन सैन्य ६ मे लाच पोचलं होतं, पण ठरल्याप्रमाणे तिथंच थांबलं. ८ मे ला जर्मनांनी शहर सोडायचं कबूलही केलं होतं. एवढी गुंतागुंत चौथऱ्यावर कशी मावणार? एक रणगाडा ठेवला की गोष्ट सोपी होते.

गोंचारेंको मात्र खोटा नव्हता. जर्मनीची शरणागती झाल्यानंतर, प्रागच्या मानेस पुलाजवळ त्याचा रणगाडा फुटला आणि तो तिथेच गेला. युद्ध संपल्यावर मेलेला तरुण मुलगा. त्याच्या नावाने भलताच रणगाडा उभा केला, त्यामुळे पुढे जेव्हा त्या रणगाड्याची टर उडाली तेव्हा त्यात हाही ओढला गेला. मला हे सगळ्यात जास्त खुपतं.

टर उडणारच होती. ऑगस्ट १९६८ मध्ये पुन्हा सोविएत रणगाडे प्रागमध्ये आले, या वेळी मुक्त करायला नव्हे. १९४५ मध्ये २३ मिळवा, १९६८ येतं! त्यानंतर त्या चौकातून जाताना चेक माणसाला १९४५ आठवत असेल की १९६८?

१९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट गेली. एप्रिल १९९१ मध्ये एका रात्री दाव्हिद चेर्नी नावाच्या कलाशाखेच्या विद्यार्थ्याने मित्रांबरोबर जाऊन तो रणगाडा चक्क गुलाबी रंगवला, वर एक उभं बोट बसवलं. मॉस्को खवळलं, चेर्नीला अटक झाली, लष्कराने परत हिरवा रंग दिला. मग १६ मे ला पंधरा खासदार स्वतः ब्रश घेऊन गेले आणि पुन्हा गुलाबी करून आले. खासदारांना कोण पकडणार! जूनमध्ये रणगाडा तिथून हलवला. त्याच महिन्यात शेवटचे सोविएत सैनिकही देशातून गेले.

आता तो प्रागबाहेर लेशानीच्या लष्करी संग्रहालयात आहे. गुलाबीच. २०११ मध्ये सैन्य परतल्याला वीस वर्षं झाली म्हणून त्याला तराफ्यावर चढवून व्ल्टावा नदीत आणलं होतं. चौकात त्याच्या जागी आता कारंजं आहे.