बगलेचे उंट : रेटी-कापाब्लांका डाव (१९२४) आणि देशी बुद्धिबळ

न्यूयॉर्क येथील स्पर्धेत २२ मार्च १९२४ रोजी रिचर्ड रेटी यांनी विश्वविजेते होसे राउल कापाब्लांका यांना ३१ खेळींत नमविले. कापाब्लांका यांचा आठ वर्षांतील हा पहिलाच पराभव होता. रेटींनी मधले प्यादे न हलवता प्रथम राजाकडील घोडा काढला आणि नंतर बगलेची प्यादी सरकवून उंट लांब कर्णांवर बसविले. प्रतिपक्षानेही तेच केले. सहाव्या खेळीअखेर चारही उंट बगलेत होते. मध्य प्याद्यांनी व्यापण्याऐवजी तो दुरून दाबात ठेवायचा, ही त्यामागील कल्पना. सोळाव्या खेळीत डी-४ वर प्यादे ढकलून रेटींनी कोंडी फोडली. युरोपात या विचाराला 'अतिआधुनिक' म्हटले गेले.

हे विशेषण भारतीय वाचकाला थोडे खटकावे. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चालते. किल्लेकोट नसतो, शह लागलेला नसल्यास राजाला एकदा घोड्याची उडी घेता येते. त्यामुळे दोन्ही सैन्यांची गाठ उशिरा पडते आणि बगलेतून सावकाश मांडणी करण्यास अवसर मिळतो. या सवयीचा लेखी पुरावा मिळतो तो कलकत्त्यात. तेथे महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कोक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टरशी युरोपीय नियमांनी खेळत. १८५५ च्या एका डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळताना त्यांनी राजाकडील उंट बगलेत नेऊन मधले प्यादे डी-५ वर टाकले, मात्र डाव गमावला. या बचावाला आज एर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांचे नाव आहे. त्यांनी तो १९२२ मध्ये खेळला.

मात्र यावरून रेटींचे श्रेय हिरावून घेणे अनैतिहासिक ठरेल. देशी खेळाडूची मांडणी नियमांतून घडली. रेटींनी मोकळीक असताना ती निवडली आणि तिची तात्त्विक बाजू लिहून ठेवली. खरा फरक नोंदीचा आहे. मुंबईत १८१४ साली त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा संस्कृतातून इंग्रजीत आणलेला बुद्धिबळविषयक ग्रंथ छापला गेला, परंतु तो युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेला आणि मुख्यत्वे अवघड स्थितींचा संग्रह होता. डाव सुरू कसा होई, हे अशा संग्रहातून कळत नाही. बॅनर्जींच्या खेळी मात्र कोक्रेन यांच्या टिपणांमुळे उरल्या.