पायीं प्रवास आणि इतिहास

मुलांना इतिहास शिकविण्यांत माझें सारें आयुष्य गेलें. झांशीच्या वेढ्याचा धडा मीं वर्षामागून वर्ष शिकविला. सर ह्यू रोझ मार्च १८५८ मध्यें झांशीपुढें आला, ३ एप्रिल रोजीं त्याच्या फौजेनें तटावर हल्ला केला व त्यानंतर राणी लक्ष्मीबाई किल्ला सोडून गेली, इतकें मुलांकडून घोकून घेतलें कीं आपलें कर्तव्य झालें असें मला वाटे. प्रत्यक्ष झांशी पाहण्याचा योग मात्र नोकरी संपल्यावर आला.

पहिल्या दिवशीं मोटारीनें किल्ल्यावर गेलों आणि तासाभरांत परतलों. जें पुस्तकांत वाचलें होतें तेंच पाहिलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं एक सायकल भाड्यानें घेतली व ओरछा दरवाजाकडून जुन्या वस्तींत शिरलों. चढ लागला कीं खालीं उतरावें, अरुंद बोळ आला कीं सायकल हातीं धरून चालावें, असा क्रम चालला होता. मान वर करावी तों पुन्हां पुन्हां किल्ला दिसे. तेव्हां ध्यानांत आलें कीं हा किल्ला शहरापासून दूर कोठें रानांत नाहीं. तो शहराच्या डोक्यावरच उभा आहे. खालच्या गल्ल्यांतला आकांत वर तटावर ऐकूं गेल्यावांचून राहिला नसेल. इतकीं वर्षें मीं मुलांना तारखा सांगितल्या, पण हें अंतर कधीं सांगितलें नाहीं. कारण तें मलाच ठाऊक नव्हतें.

याच गल्ल्यांतून वेढ्याच्या वेळीं आपल्याकडचा एक माणूस जीव मुठींत धरून वावरला होता. पेणजवळच्या वरसई गांवचे विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक. घरावर कर्ज झालेलें. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत अशी वार्ता आली, आणि दक्षिणेच्या आशेनें ते चुलत्यांसह १८५७ सालीं उत्तरेकडे निघाले. मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी गेल्याला तेव्हां अवघीं चार वर्षें झालीं होतीं. भिक्षुकाला उत्तरेची वाट पायांनींच तोडावी लागे. वाटेंतच शिपायांच्या उठावाची बातमी लागली. परत फिरावें तर हात रिकामे, पुढें जावें तर युद्ध. ते पुढें गेले.

त्यांनीं पाहिलेलें युद्ध सेनापतींच्या खलित्यांतलें नव्हे. शहर पडल्यावर झालेली लूट आणि कत्तल, लपून काढलेले दिवस, अन्नपाण्याची भ्रांत, हें सारें त्यांनीं गल्लीच्या उंचीवरून पाहिलें. पुढें काळपीच्या वाटेवर एका विहिरीपाशीं त्यांची व राणीची गांठ पडली. भटजी पाणी काढावयास पुढें झाले, तेव्हां विद्वान ब्राह्मणाकडून असलें काम घेणें नको, असें म्हणून त्या थकलेल्या राणीनें स्वतःच पाणी शेंदलें. हा प्रसंग पाहावयास त्या विहिरीवर तहानलेला पांथस्थच असावा लागतो. मिळविलेलें द्रव्य वाटेंत लुटलें गेलें. परंतु गंगेची कावड खांद्यावरून आणून त्यांनीं आईबापांस स्नान घातलें.

ही हकीकत त्यांनीं चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून १८८३ च्या सुमारास लिहिली. वैद्यांनीं ती आपल्या हातानें सुधारून १९०७ सालीं ‘माझा प्रवास’ या नांवानें छापली; मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केला. घडल्यापासून पंचवीस वर्षांनीं स्मरणानें लिहिलेल्या मजकुरांत ऐकीव गोष्टी येणारच. त्या इतर कागदांशीं ताडून पाहाव्या लागतात. पण विहीर कोठें होती, धर्मशाळेंत कोण भेटलें, कोणीं अन्न दिलें, याविषयीं पायीं चालणाऱ्याचें स्मरण सहसा पक्कें असतें; कारण त्याचा जीव त्याच गोष्टींवर अवलंबून असतो.

आतां कोणी म्हणेल, पायीं चालण्याचे दिवस गेले. परंतु पायीं प्रवासाचा हा गुण सायकलीनें राखला. १९२० सालीं मुंबईच्या ओव्हल मैदानावर, युरोपांतून पायीं हिंदुस्थानांत आलेल्या एका फ्रेंच गृहस्थाचें व्याख्यान झालें. त्यापासून स्फूर्ति घेऊन सहा पारशी तरुण १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईहून सायकलींवर जगप्रवासास निघाले. त्यांपैकीं आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनींच प्रवास पुरा केला. इराण, इराक, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, ब्रह्मदेश असे सुमारें ७१,००० किलोमीटर हिंडून ते मार्च १९२८ मध्यें परतले. वाळवंटांत सायकल माणसाला वाहत नाहीं, माणूसच तिला वाहतो. तेथें पाणी कोठें आहे हें विचारल्यावांचून गति नसते, आणि विचारावयाचें म्हणजे दुसऱ्याच्या दारीं उभें राहावयाचें. त्यांचें १९३१ सालचें इंग्रजी पुस्तक आजहि वाचनीय वाटतें तें याचमुळें.

मला सांगावयाचें आहे तें एवढेंच. वेगानें जाणाऱ्याला कोणाची गरज पडत नाहीं, म्हणून त्याला कोणी भेटतहि नाहीं. सावकाश जाणाऱ्याला पावलोपावलीं लोकांची गरज पडते, आणि त्या गरजेंतूनच लोकांचा इतिहास त्याच्या हातीं येतो.

तेव्हां, श्रोतेहो, पुढच्या सुटींत परगांवीं जाल तेव्हां एक सकाळ तरी मोटार सोडा. पायीं निघा किंवा सायकल घ्या. मुलांना बरोबर न्या. गल्लीला हें नांव कां पडलें, जुना तट कोठून जात होता, हें तेथल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला नम्रपणें विचारा, आणि जें ऐकाल तें त्याच रात्रीं तारीख घालून टिपून ठेवा. गोडसे भटजींना तें टिपावयास पंचवीस वर्षें लागलीं; आपण एवढा उशीर करूं नये.