दुकानदारीचे खेळ : साठा व दर

दुकानदारीचे खेळ : संगणकावर किंवा मोबाइलवर दुकान चालवण्याचा सराव देणारे खेळ. ठरावीक भांडवलातून माल भरणे, तो फळ्यांवर मांडणे, दर ठरवणे आणि गल्ल्यातल्या रकमेतून पुढची खरेदी करणे, हा त्यांचा गाभा. प्रस्तुत नोंदीत साठा व दर यांची धोरणे देऊन ती वाशीम जिल्ह्यातील शेलूबाजार (ता. मंगरूळपीर) या बाजारगावाच्या व्यवहाराशी ताडून पाहिली आहेत.

इतिहास : या प्रकारातील आद्य खेळांपैकी ‘लेमनेड स्टँड’ बॉब जेमिसन यांनी १९७३ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात शालेय संगणकशिक्षणासाठी तयार केला. १९७९ मध्ये तो ‘ॲपल टू’ संगणकावर आला. हवामानाचा अंदाज पाहून किती पेले सरबत करायचे, जाहिरातीचे किती फलक लावायचे आणि पेल्याला काय दर लावायचा, हे तीन निर्णय खेळाडूने रोज घ्यायचे. तुर्कस्तानातील नोक्ता गेम्सचा ‘सुपरमार्केट सिम्युलेटर’ (२०२४) या खेळात नव्या वस्तूंचे परवाने, गोदाम, नोकर आणि बदलते खरेदीदर यांची भर पडली.

साठा : रोज खपणारा माल कधी संपू न देणे, हा पहिला नियम. फळी रिकामी दिसली की त्या वस्तूची विक्री बुडतेच, शिवाय गिऱ्हाईकही दुरावते. दुसरा नियम भांडवलाचा आहे. सुरुवातीला पन्नास प्रकारचा माल थोडा थोडा भरण्यापेक्षा नित्याच्या मोजक्या वस्तू पुरेशा ठेवाव्यात. पडून राहिलेल्या मालात पैसा अडकतो आणि चालत्या वस्तूंच्या खरेदीला रोकड उरत नाही. नाशवंत मालाचा हिशेब वेगळा असतो. एक नग कमी पडल्यास बुडणारा नफा आणि एक नग उरल्यास होणारा तोटा यांची तुलना करून त्याचे प्रमाण ठरवतात.

दर : वाहतुकीसह पडतळ काढून त्यावर नफा धरणे ही साधी रीत होय. दर बाजारभावाच्या फार वर गेला, की खेळातले गिऱ्हाईक तक्रार करून निघून जाते. १,००० रुपयांचा माल १० टक्के नफ्याने महिन्यात चार वेळा फिरला, तर ४०० रुपये सुटतात. तोच माल २५ टक्के नफ्याने एकदाच विकला गेला, तर २५०. म्हणून रोजच्या वस्तूंवर थोडा नफा आणि क्वचित लागणाऱ्या वस्तूंवर जास्त, अशी विभागणी फायद्याची ठरते. खरेदीदर बदलला की विक्रीदर त्याच दिवशी तपासावा.

शेलूबाजारचा व्यवहार : सोयाबीन, तूर, कपाशी आणि हरभरा या पिकांच्या मुलखातील हे गाव. नागपूर–शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्यावर शेलूबाजारला चढ-उताराचा मार्ग आहे. शेतीवर चालणाऱ्या अशा गावात मागणी पावसावर ठरते. पुरेसा, साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरणी करावी, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. त्यामुळे बियाण्यांची मागणी मोजक्या दिवसांत एकदम उसळते. सोयाबीनची उगवणशक्ती लवकर घटत असल्याने उरलेल्या पिशव्या पुढच्या खरिपाच्या भरवशावर ठेवणे धोक्याचे असते. लेमनेड स्टँडमधला हवामानाचा प्रश्न इथे पूर्ण हंगामाच्या भांडवलाचा होतो.

दराचे स्वातंत्र्यही खेळाइतके मोकळे नाही. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार पॅकबंद माल छापील कमाल किमतीपेक्षा जास्त दराने विकता येत नाही. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीचा दर सरकारच ठरवते : २६६ रुपये ५० पैसे. दुकानदाराच्या हाती उरते ती खरेदी, वेळेवरचा साठा आणि कमाल किमतीच्या आतली सूट.

उधारी : या खेळांतले गिऱ्हाईक रोख किंवा कार्डाने पैसे देऊन जाते. शेलूबाजारसारख्या वऱ्हाडातल्या गावच्या दुकानात जूनमध्ये दिलेल्या मालाचे पैसे अनेकदा सोयाबीन निघाल्यावर, दिवाळीच्या सुमारास येतात. विक्री झाली तरी रोकड येत नाही आणि ठोक व्यापाऱ्याचे देणे मात्र थांबत नाही. कोणाला किती उधार द्यायचे हा निर्णय साठा आणि दर यांच्याइतकाच मोलाचा असतो. त्यात हिशेबाबरोबर माणसाची पारख आणि वाईट सालात सांभाळून घेण्याची दानतही लागते. उधारीच नसणे ही या खेळांतली मोठी उणीव आहे.

शैक्षणिक उपयोग : महाराष्ट्रातील शाळांच्या बालआनंद मेळाव्यांत मुले भाजी आणि खाद्यपदार्थांची दुकाने मांडून खरी खरेदी-विक्री करतात. मेळाव्याआधी असा खेळ खेळवून नंतर प्रत्येक गटाकडून पडतळ, विक्री, उरलेला माल आणि नफा यांचा तक्ता लिहून घ्यावा. त्यात उधारीचा रकाना जोडला, तर टक्केवारी आणि नफा-तोटा हे धडे मुलांना आपल्याच गावच्या व्यवहारातून कळतील.