पिशवी काढण्यापूर्वी



गर्भाशयाला आपल्याकडच्या बायका 'पिशवी' म्हणतात. या पिशवीचा इतिहास मजुरीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. १९४३ साली अमेरिकेत पापानिकोलाऊ व ट्राउट यांनी स्रावातील पेशी तपासून गर्भाशयाचा कर्करोग ओळखण्याची रीत ग्रंथरूपाने मांडली. आपल्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत लाखावर स्त्रियांना घेऊन झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एकाच विषाणू-तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू पुष्कळ घटतात, असे तीत दिसून आले. सारांश, शस्त्र चालविण्यापूर्वी रोग ओळखण्याची विद्या आपल्या दाराशी आलेली होती.

आणि शेजारच्या बीड जिल्ह्यात काय घडले? २०१९ साली सरकारी समितीने ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. ऊसतोडीत खाडा पडला की मजुरी कापली जाते. उचल फेडावयाची असते. अशा बाईला कुणी 'कॅन्सर होईल' एवढे म्हटले, तरी ती शस्त्रक्रियेला मान तुकवते.

म्हणून खुणा पाठ असाव्यात. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा लाल दिसणे, ही सर्वांत बोलकी खूण. एकदा, थेंबभर दिसले तरी दवाखाना गाठावा. अशा दहांपैकी सुमारे नऊ जणींना कर्करोग नसतो. पण दहावी कोण, हे तपासल्यावाचून कळत नाही. दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणे, रक्तमिश्रित वा दुर्गंधीचे पाणी जाणे, पाळी गेल्यावरही गाठ वाढत राहणे, याही खुणा दुर्लक्षू नयेत. सोनोग्राफीत अस्तराची जाडी दिसते. परंतु निकाल लागतो तो अस्तराचा किंवा मुखाचा तुकडा तपासल्यावरच. नुसते पांढरे जाणे व कंबर दुखणे यांवर औषधोपचार असतात. तेवढ्यावरून पिशवी काढावयाची नसते.

पुसदच्या मजूर भगिनींनी दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. खूण दिसली तर मजुरी बुडाली तरी तपासणीस जावे. आणि तुकडा तपासल्याखेरीज कर्करोगाच्या भीतीने कागदावर अंगठा उठवू नये. मजुरीचा हिशेब आपण मुकादमाकडून मागून घेतो, तसा शरीराचाही हिशेब डॉक्टरांकडे मागावा. तो आपला हक्क आहे.